पिस्ता भिंतीवरची बदकं

मुश्ताक, तो गेमचा डबा तू जाळला नव्हतास. मी जाळला.

एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला छत्तीस वर्षं लागली, आणि निघालं तेव्हा ऐकायला तू नाहीस. माझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं. तुझ्या रिपेरिंगच्या दुकानात गिऱ्हाइकांना तू माझी ओळख करून द्यायचास, "हा नंद्या. कॉलेजच्या लायब्ररीत आहे. जिथे बोलायला मनाई, तिथेच बरोबर जाऊन बसलाय." लोक हसायचे, मीही हसायचो. गप्प माणसाला लोक सरळ समजतात. त्या समजुतीवर मी अख्खं आयुष्य काढलं, आणि सगळ्यात जास्त तुझ्यासमोर काढलं.

तुझ्या मातीला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुझ्या घरी लोक येतात, तू किती चांगला होतास ते सांगतात. त्यात मी भर घालत नाही. तू चिडका होतास, हरलास की डाव पुन्हा मागायचास, आणि जिंकलास की लगेच भूक लागायची तुला. हे सगळं मला पहिल्यांदा कळलं ते त्या डब्यामुळेच. म्हणून तिथूनच सांगतो.

तुझे मामू बोटीवर होते. आपण आठवीत असताना ते सुट्टीवर आले आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून दोन मोठ्या वस्तू घेऊन आले. तुझ्या अम्मींना मिक्सर, आणि तुला तो करडा डबा. सोबत दोन कंट्रोल, दोन कॅसेटी, गाड्यांच्या शर्यतीची आणि बदकांची, आणि बदकं मारायची प्लास्टिकची बंदूक. दोन्ही वस्तू तिकडच्या एकशे दहा व्होल्टच्या, आणि आपली लाईन दोनशे तीसची. म्हणून मामूंनी व्होल्टेज उतरवणारा एक स्टेपडाऊन आणला. लोखंडी, विटेसारखा जड, चालू केला की गुणगुणणारा. घरात तो एकच. कधी मिक्सरला, कधी गेमला. त्या दिवसांत तुमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते हेच, "स्टेपडाऊन कुनाकडं हाय?"

तुमच्या टीव्हीवर त्या डब्याचं चित्र काळंपांढरं यायचं आणि आवाज यायचाच नाही. तिकडची पद्धत वेगळी, आपली वेगळी, असं तू पुढे मला शंभरदा समजावलंस, आणि मी शंभरदा मान डोलावली. तेव्हा मात्र तू साधा तोडगा काढलास. आवाज तू तोंडाने काढायचास. गाडीची घरघर, बदकाच्या पंखांची फडफड, ते खाली पडल्याचं 'टप्'. माझ्या पाळीलाही आवाज तूच काढायचास, पण माझी गाडी तुझ्या पुढे गेली की तुझं तोंड बंद. "तुझं इंजिन बंद पडलं," म्हणायचास. आणि ती काळीपांढरी गाडी मुळात लाल की निळी, यावर आपण शाळेत पोचेपर्यंत भांडायचो. तू लाल म्हणायचास, मी निळी. पुरावा दोघांकडेही नव्हता.

हे सुख बारा दिवस टिकलं.

त्या शुक्रवारी दुपारी तू नमाजला निघालास. "बस, आलोच. हात नको लावू," म्हणालास. मी रोज तुझ्याकडून हरत होतो. एकट्याने दहा मिनिटं हात साफ करून घ्यावा, एवढंच माझ्या डोक्यात आलं. स्टेपडाऊन स्वयंपाकघरात होता, अम्मी मिक्सरवर काहीतरी वाटत होत्या. मागितला असता तर त्यांनी दिला असता, वर हातावर काहीतरी खायलाही ठेवलं असतं. पण आत जाऊन "स्टेपडाऊन देता का" म्हणायला माझी जीभ उचलेना. अडॅप्टरच्या चपट्या पिना आपल्याकडच्या भोकात बसत नाहीत. मामूंच्या सामानात त्यासाठीचा एक छोटा पांढरा प्लग होता. तो वर चढवला आणि अडॅप्टर सरळ भिंतीत खोचला. डब्याचं बटण दाबलं.

फट्. फुटाणा फुटावा तेवढाच आवाज, आणि मग वास. मी घाईघाईने सगळं होतं तिथे ठेवलं. पांढरा प्लग तेवढा काढायचा राहिला.

तू आलास, आतून स्टेपडाऊन आणलास, अडॅप्टर उचललास, त्यावरचा प्लग बघितलास, निमूट काढलास. जोडणी केलीस. डबा ढिम्म. मग मामू आले. त्यांनी अडॅप्टर नाकाशी धरला, मग बाजूला पडलेला पांढरा प्लग उचलला.

"हा प्लग कोनी लावला?"

तू माझ्याकडे बघितलंस. संशयाने नाही, काही आठवत नसलं की माणूस सोबतच्याकडे बघतो तसं. मी टीव्हीच्या पायांकडे बघत होतो.

"मीच लावला असन," तू म्हणालास. "सकाळी घाईत."

मामूंनी तुला मारलं नाही. मारलं असतं तर तू चार दिवसांत विसरला असतास. ते एवढंच म्हणाले, "ज्याला ध्यान नाय, त्याच्या हातात वस्तू देऊ नये." आणि त्याच आठवड्यात बोटीवर गेले.

त्या वाक्याने तुझं काय केलं ते मी जवळून बघितलं. पुढे दुकानाला कुलूप लावून तू कोपऱ्यापर्यंत यायचास आणि परत जायचास. सोल्डर गन काढलीय का, मेन स्विच पाडलाय का. पुन्हा कुलूप, पुन्हा ओढून बघणं, चार पावलं, पुन्हा एकदा ओढणं. गल्लीतली माणसं तुझी नक्कल करायची. मीही हसायचो. ते कुठून आलंय हे त्या गल्लीत मला एकट्याला माहीत होतं.

आणि तरी बघ, तू त्या जळक्या डब्याचं काय केलंस. दुरुस्त करायला म्हणून उघडलास, जमलं नाही. मग शिकण्यासाठी बंद रेडिओ उघडलास, मग शेजाऱ्यांचे पंखे, आणि दहावीपर्यंत अर्धा मोहल्ला तुझ्या हातचा चालत होता. दुकान टाकलंस तेव्हा डबा वरच्या फळीवर ठेवलास, लोक बक्षिसाची ढाल ठेवतात तसा. काहीतरी जाळून आणलेलं गिऱ्हाईक ओशाळून उभं राहिलं की तू वर बोट करायचास. "ताई, लाजू नका. मी पहिली वस्तू जाळली ती माझी स्वतःची." त्या बाईंचा चेहरा मोकळा व्हायचा. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा पीत हे ऐकायचो आणि मनाशी म्हणायचो, इतकी छान गोष्ट झालीय त्याची, आता खरं सांगून मोडायची कशाला. हे कारण मला फार सोयीचं होतं.

मग यंदा सायमाने घरी प्रोजेक्टर आणला. तुझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तुझ्याच शेजारी दुकानात बसते, तरी तिने तो आणला मॅच बघायला. तुझं डोकं भलतीकडेच गेलं. मला लायब्ररीत फोन केलास. मी कुजबुजत बोललो, तर तूही का कोण जाणे कुजबुजलास, "नंद्या, भिंतीएवढी बदकं. संध्याकाळी दुकानात ये."

तू डबा खाली उतरवलास, उघडलास, डोळ्याला भिंग लावलंस. "हा कपॅसिटर बघ, फुगलाय. रेग्युलेटर गेलाय. अडॅप्टरचा तर कोळसा. हे सरळ दोनशे तीसवर लागलंय." आठवीतल्या तुला जे जमलं नव्हतं ते तुला आता अर्ध्या तासाचं काम होतं. मग भिंग कपाळावर सरकवून म्हणालास, "पण एक सांगू? मला लावल्याचं आठवतच नाय रे. इतक्या वर्षांत किती वेळा आठवून बघितलं. तो प्लग काढल्याचं आठवतं, चढवल्याचं नाय. आठवायला पाहिजे ना?"

दुकानात आपण दोघंच होतो. सायमा जेवायला घरी गेली होती. याहून सोपी जागा कोणी कोणाला करून देत नाही.

मी म्हणालो, "लहान होतो आपण."

"हां," तू म्हणालास. "ते पन हाय." आणि भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलंस.

डबा जाळल्याबद्दल आठवीतल्या पोराला माफी मिळूनही जाईल. मी मागतोय ती 'लहान होतो आपण' या तीन शब्दांची.

पण मला त्या रविवारबद्दलही लिहायचंय, कारण गेले एकोणीस दिवस डोळे मिटले की तोच समोर येतो, आणि रडू येण्याआधी हसू येतं.

दुपारची वेळ. नवीन पनवेलच्या तुझ्या घरात आपण खिडक्यांना चटया बांधून अंधार केला. जुन्या डब्याच्या वायरी नव्या प्रोजेक्टरला लागत नाहीत, हे तुला अर्थातच माहीत होतं. मधे लावायचा काडेपेटीएवढा कन्व्हर्टर तू आणून ठेवला होतास. पिवळी वायर चित्राची, लाल आवाजाची, दोन्ही त्यात खोचल्यास आणि भाभींना समजावायला लागलास, "इकडनं जुनं घालायचं, तिकडनं नवं निघतं."

"मग तुम्हीच जा ना त्यातनं एकदा," भाभी म्हणाल्या.

बटण दाबलंस. भिंतीवर नुसता निळा चौकोन. सिग्नल नाही. तू वायरी काढल्यास, पुसल्यास, लावल्यास, प्रोजेक्टरला दोन चापट्या दिल्यास. शेवटी सायमा म्हणाली, "अब्बा, कन्व्हर्टरला पॉवर कोण देणार? मी?" त्या डबीला स्वतःची वेगळी लाईन लागते, तीच द्यायची राहिली होती. जगातला प्रत्येक स्विच दोनदा बघणारा तू उतावळेपणात विसरलास, आणि तुला सांगतो, मला त्याचा इतका आनंद झाला की मी तोंड फिरवून घेतलं.

आणि मग चित्र आलं. अख्ख्या भिंतीवर, रंगीत. पण भाभींनी दोन वर्षांपूर्वी भिंतीला पिस्ता रंग दिलेला. आकाश पोपटी, रस्ता पोपटी, कॅसेट बदलली तर बदकं पानात बांधल्यासारखी.

"मी सांगत होतो पांढरा लाव."

"तेव्हा तुम्ही घरात बदकं आणणार हे मला काय माहीत?"

मग पांढरी चादर आली, खिळ्यांना अडकवली. तिच्या घडीची रेघ बरोबर रस्त्याच्या मधोमध. प्रत्येक गाडी तिथे आली की उचलल्यासारखी दिसायची. "पनवेलचाच रस्ता हाय," तू म्हणालास. भाभींना ते सहन होईना. त्यांनी इस्त्री आणली आणि गेम चालू असतानाच चादरीवरून फिरवली. एक गाडी त्यांच्या पाठीवरून गेली.

आवाजही आला. आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्याचा खरा आवाज. तू मान तिरकी करून ऐकलास. पीं पीं, टिर्र, पीं.

"हा?" तू म्हणालास. "माझा चांगला होता."

आणि पन्नाशीचा माणूस तू, बायको-मुलीसमोर घरघर सुरू केलीस. तीच, आठवीतली. मध्येच खोकला आला तर "गियर बदलला" म्हणालास. सायमा मोबाइलमध्ये ते टिपत होती. तू गेल्यावर तिने मला ते पाठवलंय. मी अजून चालू केलं नाही. करीन.

गाडी लालही नव्हती आणि निळीही नव्हती. सायमाने जवळ जाऊन बघून निकाल दिला, नारिंगी. तू लगेच उभा राहिलास. "नारिंगीत लाल असतो. मी जिंकलो." मी म्हणालो, चादरीची साक्ष मी मानत नाही. हा वाद तिथेच राहिलाय. तू गेलास म्हणून मी माघार घेणार नाही. मी अजून निळ्यावरच आहे.

मग बंदूक काढलीस. एक बदक पडेना. तू गोळ्या झाडल्यास, मी झाडल्या, सायमाने झाडल्या. बदकं आपली पंख हलवत आरामात निघून जायची. तू हिरमुसला नाहीस, उलट खुलून सांगायला लागलास. या बंदुकीला जुन्या काचेच्या टीव्हीची सवय. काचेवर बदक उजळतं त्याच क्षणी ती बघते. इथे कन्व्हर्टर आणि प्रोजेक्टर मिळून चित्र थोडं मागे ठेवतात, पापणी लवेल एवढंच, पण तिला चुकायला तेवढं पुरतं.

"म्हणजे आपण मारतोय ते बदक मघाचं?" मी विचारलं.

"मघाचंच. ते कवाच गेलं."

भाभींनी तुझ्या हातातली बंदूक घेतली, चादरीपाशी गेल्या आणि नळी बदकाच्या पोटात टोचली. "मेलं. आता चहा ठेवू?" तू हसता हसता सोफ्यावरून खाली घसरलास. तसाच जमिनीवर बसून राहिलास, डोळे पुसत. इतका हसलेला तू मला मामूंच्या त्या बारा दिवसांनंतर दिसला नव्हतास.

शेवटची शर्यत मी जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा. तू कंट्रोल आपटलास. "बटन उशिरा लागतंय. हा डाव धरायचा नाय."

"मलाही उशिराच लागतंय."

"तुला सवय हाय. तू सगळं उशिराच करतोस."

सहज म्हणालास तू. निघालो तेव्हा मला सोडायला खाली आलास, मला सुकापूरला जायचं होतं, रिक्षा येईपर्यंत फाटकाशी उभे होतो. तेव्हा मी खरोखर तोंड उघडलं. "मुश्ताक, एक सांगायचंय तुला." तू खिसे चाचपलेस, वर खिडकीकडे बघितलंस. "थांब, प्रोजेक्टरचा स्विच बघून येतो," म्हणालास आणि तीन मजले चढून गेलास. माझ्यामुळे लागलेल्या सवयीनेच मला तिथे वाचवलं. तू धापा टाकत परत आलास. "बंदच होता. बोल, काय?"

"बंदुकीचं काहीतरी कर," मी म्हणालो आणि रिक्षात बसलो.

त्यानंतरच्या रविवारी तुला दुकानात काम होतं. त्याच्या पुढच्या रविवारी तू नव्हतास.

गेल्या आठवड्यात तुझ्या घरी बसलो होतो. तुझ्या गल्लीतले कोणी आले होते, त्यांनी प्रेमाने तुझी ती गोष्ट काढली. पहिली वस्तू स्वतःची जाळली म्हणणारा असा मोठ्या मनाचा माणूस. सायमा माझ्याकडे वळून म्हणाली, "नंदूकाका, तुम्ही होता ना तेव्हा? तुम्ही सांगा ना नीट." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथे टीव्ही होता, त्याला पायही होते. मी सायमाकडे बघितलं आणि सांगितलं. शुक्रवार, स्वयंपाकघरातला स्टेपडाऊन, पांढरा प्लग, मामूंचं वाक्य. दुकानात तू विचारलंस तेही, आणि मी काय म्हणालो तेही.

"अब्बांना माहीत होतं?" सायमाने विचारलं.

"नाही."

ते गल्लीतले गृहस्थ माझी समजूत घालायला निघाले, अहो, कळलं असेल त्याला, मित्रच होता. मी म्हटलं, नाही, त्याला कळलं नव्हतं. मला तेवढा आधार देऊ नका.

भाभी मनाशी काहीतरी जुळवत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही चिरनेरला लग्नाला निघालो होतो, अर्ध्या रस्त्यातनं गाडी फिरवली, घरी आलो इस्त्री बघायला. पोचलो तोवर बिर्याणी संपलेली. ते तुमच्यामुळे?"

"हो."

"इस्त्री बंदच होती."

"असणारच."

"मी आठ दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी." त्यांनी ओढणी तोंडाला लावली. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. मग ओढणी काढून सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्यांना सांगायला पाहिजे होतं, नंदूभाऊ."

"हो," मी म्हणालो. त्यावर आणखी काही नाही, मुश्ताक. सांगायला पाहिजे होतं. तुझं ध्यान कधीच कमी नव्हतं. त्या दिवशी खोलीत ध्यान नसलेला एकच मुलगा होता आणि तो मी. तुझ्या मामूंचं वाक्य चुकीच्या पत्त्यावर गेलं आणि तू ते आयुष्यभर जपून ठेवलंस. तरी तेवढ्यावर तू दुकान उभं केलंस, ओशाळलेल्या माणसांना हसवलंस, आणि मला रोजचा चहा पाजलास. मी त्या स्टुलावर बसून जे सुखाचे तास काढले, ते तुझेच होते. त्यांच्यासाठी तुझे आभार मानायला मला कोणी अडवलं नव्हतं. तेही राहिलंच.

परवा दुकानात गेलो. सायमा कामाला लागली आहे. डबा पुन्हा वर गेलाय. एक गृहस्थ टेबलफॅन घेऊन आले होते आणि स्वतःच तारा जोडायला गेल्याचं खालच्या आवाजात सांगत होते. सायमाने पंखा उलटा केला, वास घेतला आणि फळीकडे बोट केलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"लाजू नका काका," ती म्हणाली. "तो वरचा डबा बघा. सगळ्यांना वाटायचं माझ्या अब्बांनी जाळला. त्यांना स्वतःलाही वाटायचं. पण माझ्या अब्बांनी आयुष्यात एकही वस्तू जाळली नाही. दुसऱ्यांनी जाळलेल्या दुरुस्त केल्या फक्त."

"मग हा कोणी जाळला?"

सायमाने मान वर न करता स्क्रूड्रायव्हर माझ्या दिशेने धरला.

"मी," मी म्हणालो.

गृहस्थांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत बघून घेतलं, आणि आपला पंखा दोन्ही हातांनी उचलून सायमाच्या बाजूला सरकवला.